भोजन फक्त प्रतिनिधींसाठी

नव्वदच्या दशकात मी इंदापुरातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होते. कायम नव्हते, तासिका तत्त्वावर होते. म्हणजे कामाला पूर्ण आणि मानाला अर्धी. राहायला निमगाव केतकीत, आईवडिलांजवळ. आम्ही धनगर. मी शाळेत असेपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. मग वडिलांनी ती विकली, पानमळा लावला आणि आमचं फिरणं थांबलं. घरात एम.ए. झालेली मी पहिली.

एक दिवस विभागप्रमुखांनी सांगितलं की बारामतीत आपल्या विषयाची मोठी परिषद भरणार आहे, देशभरातून माणसं येणार आहेत, तुम्हीही निबंध वाचा. पुढं कायम नेमणुकीच्या मुलाखतीला उपयोगी पडेल. मुलाखतीचं सोडा, मला खरंच काही सांगायचं होतं.

मेंढरं होती तेव्हा आमच्या बायका वर्षातले कितीतरी महिने रानोमाळ असायच्या. पुढचा मुक्काम कुठं टाकायचा, खतासाठी कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची, त्याच्याकडून धान्य किती घ्यायचं, कुठलं कोकरू ठेवायचं आणि कुठलं विकायचं, हे त्या ठरवायच्या. मेंढरं गेली, घरं एका जागी बसली आणि बायकांच्या हातचा हा सगळा कारभार गेला. जमीन नवऱ्याच्या नावावर, डेअरीचं खातं नवऱ्याच्या नावावर, बाई खुरपं घेऊन रानात. याला सगळे प्रगती म्हणत होते. मी निमगावच्या आणि कन्हेरीच्या बायकांशी महिनोन्‌महिने बोलले होते. माझी आई त्यांतलीच एक. निबंध लिहून झाल्यावर तिला थोडा वाचून दाखवला तर ती म्हणाली, "व्हय, असंच झालं. पर ती लोकं हे ऐकून काय करणार?" मी म्हटलं, आधी ऐकू तर देत.

परिषदेच्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं निघाले. बारामतीत शिरताना एमआयडीसीकडं निघालेल्या मोटारसायकलींनी रस्ता भरला होता. ज्या कॉलेजात परिषद होती तिथं फाटकापाशी कमान, आत भला मोठा मांडव, लाल फीत लावलेले स्वयंसेवक इकडून तिकडं पळत होते. मी आत पाऊल टाकलं तोच एका प्राध्यापिकेनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली की औक्षणाच्या मुली तिकडं थांबल्यात, तू उशीर केलास. मी सांगितलं की मी निबंध वाचायला आले आहे. ती म्हणाली, "अगंबाई, हो का? मला वाटलं..." काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही. मला कळलं.

नावनोंदणीची टेबलं इंग्रजी अक्षरांप्रमाणं मांडलेली. मी आडनावाच्या रांगेत उभी राहिले, तिथं माझं नाव नव्हतं. मग म्हणाले पहिल्या नावानं बघा, तिथंही नव्हतं. शेवटी परगावच्या पाहुण्यांच्या टेबलावर सापडलं, कारण कुणीतरी इंदापूरचं इंदूर करून ठेवलं होतं. रेक्झिनची पिशवी, पेन आणि बिल्ला मिळाला. बिल्ल्यावर माझं नाव आणि खाली इंदूर. मी म्हटलं, दुरुस्त करून द्या. टेबलामागचा माणूस म्हणाला, "राहू द्या मॅडम, इंदूर काय वाईट आहे?" मी पेननं खोडून त्यावर इंदापूर लिहिलं.

त्या दिवशी एकाच वेळी निरनिराळ्या इमारतींत निरनिराळी सत्रं होती. माझं सत्र जेवणानंतर, विज्ञानाच्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. पण आधी उद्घाटन. उद्घाटनाला येणारे पुढारी वेळेवर आले नाहीत. आम्ही मांडवात बसून राहिलो. ऊन चढलं, कनात तापली, माणसं कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेऊ लागली. पार उशिरा फाटकाकडून ढोल वाजले, तेव्हा कळलं की पाहुणे आले. ढोलाचा ताल आमचा होता, गजीचा. आमच्याकडं पुरुष रुमाल घेऊन घोळक्यानं नाचतात तो. कुठल्या गावचं मंडळ बोलावलंय असा विचार मनात येऊन गेला, पण उठून बघायला जागा नव्हती.

बीजभाषण पुण्याहून आलेल्या एका नामांकित प्राध्यापकांचं होतं. भटक्या पशुपालकांचा अभ्यास हाच त्यांचा विषय, त्यावर त्यांचं नाव झालेलं. माणूस बोलायला गोड. आमच्या कपड्यांबद्दल बोलले, देवांबद्दल बोलले, आणि मग म्हणाले की या समाजाचं काळाशी असलेलं नातं आपल्यापेक्षा निराळं आहे. हे लोक घड्याळाच्या बाहेर जगतात. त्यांना वाट बघण्याचा त्रास होत नाही. मांडव हसला, आपलेपणानं हसला. पुढाऱ्याची वाट बघून कावलेली तीच माणसं होती ती. मी हसले नाही. माझी आई एस.टी. चुकली तर दुपारपर्यंत चरफडत बसते. मेंढरं चारणाऱ्या माणसाला तर सगळं वेळेवरच करावं लागतं. पाणी, चारा, वीण. हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण बीजभाषणानंतर प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

उद्घाटन लांबल्यामुळं जेवणाची वेळ टळून गेली होती. सत्रांच्या वेळा बदलल्याची सूचना कुठंतरी लावली आहे असं कानावर आलं, पण कुठं ते कुणालाच माहीत नव्हतं. सूचनाफलक शोधत मी मांडवाच्या मागच्या बाजूला गेले. तिथं स्वयंपाकाची शेड होती. पलीकडं पाण्याचा टँकर उभा, आणि टँकरच्या सावलीच्या पट्ट्यात गजीवाले बसले होते. पांढरे अंगरखे, लाल फेटे, ढोल आडवे ठेवलेले. त्यांच्यात माझे चुलते होते.

तात्या म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. मेंढरं विकल्यावर ते कन्हेरीला सासुरवाडीच्या जमिनीवर राहायला गेले होते. तिथं त्यांनी गजीचं मंडळ काढलं होतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान. मला बघून ते उठले, फेटा नीट केला. मी येणार हे त्यांना ठाऊक नव्हतं, ते येणार हे मलाही नव्हतं. कधी आलात विचारलं तर म्हणाले, दिवस उगवायच्या आधी टेम्पो पाठवला होता. पाहुण्यांना फाटकापासून नाचत आणायचं होतं. आता संध्याकाळी पुन्हा कार्यक्रम आहे, तोवर बसा म्हणून सांगितलंय.

"जेवलात का?"

"न्हाय अजून. बोलवत्याल की."

त्यांच्यामागं एकजण ढोलाला टेकून डोळे मिटून पडला होता. ओठ सुकलेले. सकाळपासून कुणी चहासुद्धा विचारला नव्हता. पाणी ते टँकरच्या तोटीला ओंजळ लावून पीत होते. आम्ही बोलत असतानाच दोन प्रतिनिधी हातात आइस्क्रीम घेऊन आले आणि त्यांनी तात्यांना उठून ढोलाजवळ उभं राहायला सांगितलं, फोटोसाठी. तात्या राहिले. मिशीवरून हातही फिरवला. फोटो काढून झाल्यावर ती माणसं आइस्क्रीम चाटत निघून गेली.

जेवणाच्या शामियान्याच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, भोजन फक्त प्रतिनिधींसाठी. तिथं बसलेल्या भोजन समितीच्या प्राध्यापकांना मी विचारलं की गजीवाल्यांच्या जेवणाचं काय. ते म्हणाले की त्यांच्याकडं बिल्ला आणि कुपन असणाऱ्यांचंच जेवण आहे, कलावंतांचं सांस्कृतिक समितीनं बघायचं. सांस्कृतिक समिती ग्रंथालयाच्या व्हरांड्यात सापडली. तिचे प्रमुख म्हणाले, आमच्याकडं फक्त स्टेज आणि माइक, जेवण सगळं भोजन समितीकडं. मी परत गेले. भोजन समितीनं स्वागत समितीकडं पाठवलं, कारण टेम्पो त्यांनी पाठवला होता. स्वागत समितीत सकाळचीच बाई होती. ती खरंच हळहळली आणि म्हणाली की परिषदेच्या कार्यवाहांच्या परवानगीशिवाय तिला काही करता येणार नाही. एवढ्या सगळ्यांत एकही माणूस दुष्ट नव्हता. प्रत्येकजण आपापलं काम चोख करत होता, आणि दिवस उगवायच्या आधी आणलेली माणसं उपाशी होती. मला एखादा दुष्ट माणूस सापडला असता तर बरं झालं असतं. निदान राग ठेवायला एक जागा मिळाली असती.

कार्यवाह प्राचार्यांच्या खोलीत पंख्याखाली जेवत होते. बीजभाषणवाले प्राध्यापक त्यांच्या शेजारी. मी दारातच सगळं सांगितलं. कार्यवाह शांतपणे म्हणाले की प्रतिनिधींचं उरकलं की बघू, अन्न उरतंच. प्राध्यापकांनी मान वर केली आणि मला समजावलं.

"अहो, हे लोक भाकरी बांधूनच निघतात. तुमचं श्रीखंड त्यांना रुचणारसुद्धा नाही."

मी म्हटलं, "सर, त्यांतले एक माझे चुलते आहेत."

प्राध्यापकांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं, आधी चेहऱ्याकडं, मग बिल्ल्याकडं. कार्यवाह खुर्चीतून अर्धे उठले आणि म्हणाले, "मग हे आधी सांगायचं नाही का? बोलवा ना त्यांना. तुमच्या चुलत्यांना इथंच पान वाढायला सांगतो."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं बघू म्हटलं ना."

आज इतकी वर्षं झाली तरी हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. त्यांना वाटत होतं की ते माझ्यावर उपकार करताहेत. नात्यातला एक उचलून आत घ्यायचा, बाकीचे टँकरखाली. मी बाहेर पडले, सरळ स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेले आणि आचाऱ्याला सांगितलं की कार्यवाहांचा निरोप आहे, गजीवाल्यांना आता लगेच वाढायचं. हे खोटं होतं. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. आचारी म्हणाला, बसवा. मी मंडळाला घेऊन शामियान्यात शिरले. तोंडाशी बसलेले प्राध्यापक उठले. मी माझा बिल्ला काढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं की यावर जितके बसतील तितके बसवा. ते गोंधळले, इकडंतिकडं बघू लागले, तोवर आमची पंगत बसली होती. मी स्वतः वाढलं. आजूबाजूचे प्रतिनिधी जेवायचे थांबून बघत होते. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड. हे त्या लोकांना रुचणार नाही असं ज्यांनी सांगितलं त्यांनी त्या वेळी येऊन बघायला हवं होतं.

तात्या जेवले, पण मान खाली घालून. हात धुताना त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील.

"तुला कुणी सांगितलं व्हतं मधी पडायला?"

मी म्हटलं, तुम्ही उपाशी होता.

"उपाशी व्हतो, भिकारी न्हवतो. मी ठरवलं व्हतं, संध्याकाळी ह्यांनी बोलावलं की ढोल उचलायचा अन् टेम्पोत बसायचं. नाचायचं न्हाय. मांडव भरला असता अन् स्टेज मोकळं राहिलं असतं. आता ह्यांचं खाल्लं. आता नाचावं लागंल."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. मग माझाही तोल गेला. मी म्हटलं की हे तुमच्या मनात होतं तर निजलेल्या त्या माणसाला विचारलं होतं का, त्याला संध्याकाळपर्यंत उपाशी राहायचंय का ते? फोटोला उभं राहताना हे ठरलेलं होतं का? चुलत्याशी मी कधी असं बोलले नव्हते. तात्यांनी फेटा झटकला आणि ते टँकरकडं निघून गेले.

माझं सत्र एव्हाना सुरू झालं होतं. विज्ञानाच्या इमारतीचे जिने धावत चढले तर वर कुलूप. शिपायानं सांगितलं की ते सत्र वाणिज्यच्या इमारतीत हलवलंय. पुन्हा खाली, पुन्हा मैदान, पुन्हा जिने. खोलीत शिरले तेव्हा अध्यक्ष समारोपाचं बोलत होते. माझं नाव पुकारून झालं होतं आणि पुढं गैरहजर लिहून झालं होतं. मी म्हटलं, मी आले आहे. अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. आता चहाची वेळ, दोन मिनिटांत सारांश सांगा.

सारांश सांगायला मी आले नव्हते. मी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. अध्यक्षांनी घंटा वाजवली. मी वाचत राहिले. त्यांनी पुन्हा वाजवली आणि म्हणाले, "मॅडम, घंटा झाली."

"ऐकू आली," मी म्हटलं आणि पुढचं पान उलटलं.

माणसं चहाला उठू लागली. खुर्च्यांचे आवाज, दाराची करकर. मी थांबले नाही. आईनं सांगितलेलं एक वाक्य होतं, की मेंढरं होती तवा मला कुणी विचारल्याबगर तळ हालत न्हवता. ते निबंधात मी प्रमाण भाषेत लिहिलं होतं. वाचताना ते तिच्या तोंडचंच बाहेर पडलं, आणि त्यापुढचं सगळंच तसं येऊ लागलं. न्हाय, व्हतं, हितं, तितं. रागात माणूस घरच्या भाषेत बोलतो. राहिलेले चारपाचजण एकमेकांकडं बघून हसले. वाचून संपलं तेव्हा अध्यक्षांनी एकच अभिप्राय दिला, की तळमळ आहे, पण शोधनिबंधाची भाषा शुद्ध हवी. निबंधात काय होतं त्यावर एक अक्षर नाही. मी कागद गोळा केले. बाहेर आले तर चहा संपला होता.

संध्याकाळी निघून जायचं म्हणत होते, पण पाय निघाला नाही. मांडवात मागं उभी राहिले. ढोल वाजले आणि तात्यांचं मंडळ स्टेजवर आलं. ते नाचले, आणि वाईट नाचले असं मला म्हणता येणार नाही. मला ते वाईट नाचायला हवे होते. अंग चोरून, पाय ओढत. पण तात्यांना तसं येतच नाही. रुमाल वर गेला की ते सगळं विसरतात. मांडव टाळ्यांनी फुटायची वेळ आली. मग बीजभाषणवाले प्राध्यापक स्टेजवर चढले, कुणाचा तरी फेटा डोक्यावर ठेवून घेतला आणि मंडळात शिरून हात हलवू लागले. खूप फोटो निघाले. शेवटी कार्यवाहांनी तात्यांना शाल आणि नारळ दिला. तात्यांनी वाकून घेतला. ज्या कार्यवाहांच्या दारात मी दुपारी उभी राहिले होते त्यांच्यासमोर ते वाकले आणि हसले. मी तिथून निघाले ते थेट एस.टी. स्टँडवर.

घरी आईला सगळं सांगितलं. ती निबंधाबद्दल काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्या चुलत्याला उलटून बोललीस व्हय? ते बरं न्हाय केलंस." मी जेवले नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्या कॉलेजात तक्रार पोचली. कार्यवाहांचं नाव वापरून भोजन व्यवस्थेत अडथळा आणला, सत्राध्यक्षांचा अवमान केला. विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं की दोन ओळींची दिलगिरी लिहून द्या, विषय मिटेल. ते माझ्या भल्याचंच सांगत होते. मी विचारलं की दिलगिरी कशाबद्दल लिहायची, जेवू घातल्याबद्दल की निबंध पूर्ण वाचल्याबद्दल? ते म्हणाले, तुम्ही हुशार आहात पण तुम्हाला कळत नाही. मी लिहून दिलं नाही. पुढच्या जूनमध्ये माझे तास दुसऱ्या कुणाला दिले गेले. कारण कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. परिषदेतल्या निबंधांचं पुस्तक निघालं, त्यात माझा नव्हता. मला काम मिळायला बराच काळ गेला. मिळालं ते बारामतीतल्या एका शाळेत, मुलांना नागरिकशास्त्र शिकवायचं.

तात्या आमच्याकडं यायचे बंद झाले. दिवाळीलाही आले नाहीत. त्यांचं ते बोलणं मात्र माझ्यापाशी राहिलं. स्टेज मोकळं राहिलं असतं. त्या माणसांनी वाट बघितली असती, आणि कुणी आलं नसतं. दरवेळी मला वाटायचं की ते घडू न देणारी मी होते, आणि दरवेळी मी स्वतःशी भांडायचे की भुकेल्या माणसाला वाढणं चूक कसं असेल.

दशक संपता संपता माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि तात्या आले. काही झालंच नाही असे ओसरीवर बसले. केस पिकले होते. मंडळ आता त्यांच्या मुलाकडं होतं. मी पाणी दिलं आणि समोर बसले. त्यांना विचारलं, त्या दिवशी तुम्ही खरंच न नाचता निघून गेला असता का?

तात्या थोडं हसले. "कुणाला ठाव? पोरांच्या पोटात काय न्हवतं. टेम्पो त्येंचा. नाचलोच असतो."

"मग मला तसं का बोललात?"

"तुझा राग आला व्हता," ते म्हणाले. "तू आमच्यासाठी लोकांच्या दारोदार फिरलीस. माझ्या भावाची लेक. ते बघवलं न्हाय."

मला वाटलं होतं, हे ऐकून राग जाईल. गेला नाही. त्या एका वाक्यानं मला इतकी वर्षं दोषी करून ठेवलं होतं आणि ते वाक्य नुसतं बोलायचं म्हणून बोललेलं होतं. तात्यांवर चिडायला हवं होतं, तर डोळ्यांपुढं आली ती प्राचार्यांची खोली, फिरता पंखा, आणि श्रीखंडाची वाटी बोटानं पुसणारा तो बीजभाषणवाला प्राध्यापक. त्याला अजून माहीतही नसेल की त्यानं काय केलं. चुलता-पुतणीला एकमेकांवर सोडून ते सगळे हात धुऊन आपापल्या सत्राला निघून गेले होते.

आतून वडिलांनी हाक मारली, मांडववाला आला होता. तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्याच्याशी भाड्यावरून घासाघीस करायला गेले.